कोणत्या व्यायामानंतर कशी भूक लागते आणि ताट त्याप्रमाणे कसं लावायचं

व्यायाम केला की भूक वाढते, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. किनाऱ्यावर भरभर चालून आलेल्या माणसाची भूक वेगळी, धापा टाकत पाखाडी, म्हणजे डोंगरातली पायऱ्यांची वाट, चढून आलेल्याची वेगळी. जिममध्ये वजनं उचलणाऱ्याची आणखी वेगळी आणि तासभर पाण्यात डुंबून आलेल्याची तर अगदीच निराळी. एक भूक व्यायाम संपताच मरते आणि दोन तासांनी जागी होते, एक अंग पुसतानाच पोटात उठते, एक थेट दुसऱ्या दिवशी सकाळी येते.

मालवण-कुडाळकडे मी लोकांना व्यायाम शिकवते. "आता काय खाऊ?" हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो. त्याचं उत्तर देण्याआधी मी विचारते, व्यायाम कोणता केलात आणि किती वाजता? ही दोन उत्तरं मिळाली की ताटाचं बरंचसं आपोआप ठरतं. भुकेशी रोज झगडून कुणी जिंकत नाही. ती केव्हा येणार हे ओळखून आधीच तयारीत राहिलं, की झगडायची वेळच फारशी येत नाही. वजन उतरवायचं असो किंवा अंग धरायचं असो, दोघांनाही हे लागू आहे. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: आठवडाभर भुकेची वही ठेवा

काहीही बदलण्याआधी सात दिवस फक्त नोंद करा. व्यायामाच्या आधी, संपल्यावर दहा मिनिटांनी, दोन तासांनी, रात्री झोपताना आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर आपली भूक शून्य ते दहा अशा आकड्यात लिहायची. शून्य म्हणजे अन्नाचा विचारही नको, दहा म्हणजे पोटात कावळे ओरडतायत. त्यापुढे काय खाल्लं ते आपल्या मापात लिहा: दोन घावणे, वाटीभर काळ्या वाटाण्याची उसळ, एक भाकरी, दीड वाटी भात. कॅलरी मोजत बसू नका, त्याने माणूस तिसऱ्या दिवशी वही मिटतो.

झोप किती झाली तेही लिहा. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि भूक आवरणारं लेप्टिन घटतं. पहाटे तीन-चारला होडीवर जाणाऱ्या घरांत किंवा रात्रपाळीवाल्यांकडे जी खा-खा होते, तिचा दोष कित्येकदा व्यायामावर उगाच येतो.

या सात दिवसांत एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवा आणि त्या दिवसाची नोंद चुकवू नका. हालचाल कमी झाली म्हणून भूक त्याच प्रमाणात कमी होत नाही. आपण बसून राहिलो तरी पोट साधारण रोजचंच मागतं. ही एक गोष्ट स्वतःच्या वहीत दिसली, की पुढचं बरंच समजायला सोपं जातं.

खरी भूक आणि जिभेची हौस वेगळी ओळखायची माझी एक साधी परीक्षा आहे. समोर साधी पेज आणि लोणच्याची फोड ठेवली तर खाल का? "हो" असेल तर भूक पोटातली आहे, खा. पेज नको पण बटाटावडा चालेल असं मन म्हणत असेल, तर वहीत आकड्याशेजारी एक फुली मारा.

दुसरी पायरी: पोटात काय चालतं ते थोडक्यात समजून घ्या

घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं आणि मेंदूला भुकेचा निरोप देतं. १९९९ मध्ये जपानच्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते शोधून काढलं. लेप्टिनचा शोध त्याआधी, १९९४ चा. ते चरबीच्या पेशींतून येतं आणि शरीरात साठा किती आहे ते मेंदूला कळवतं. आतड्यातून येणारी पीवायवाय आणि जीएलपी-१ ही दोन संप्रेरकं "पुरे झालं" असं सांगतात. वजन कमी करण्याची जी इंजेक्शनं सध्या गाजतायत, ती याच जीएलपी-१ची नक्कल करतात.

दम लागेल असा व्यायाम केला की घ्रेलिनचं भूक चेतवणारं रूप काही काळ खाली येतं आणि पीवायवाय, जीएलपी-१ वर जातात. शिवाय रक्त स्नायूंकडे वळतं, पोटाकडे कमी जातं. धावून आल्यावर समोरचा घास नकोसा वाटतो तो यामुळे. यात आणखी एका रेणूचा हात असावा, असं २०२२ मध्ये पुढे आलं. जोराच्या व्यायामात स्नायूंत लॅक्टेट तयार होतं. त्याची फेनिलअ‍ॅलानिन या अमिनो आम्लाशी जोडी जमून 'लॅक-फे' बनतं. ते दिल्यावर उंदरांचं खाणं घटलं. माणसांत जोरदार धावण्यानंतर ते रक्तात वाढलेलं दिसलं, सावकाश व्यायामात तेवढं नाही.

मात्र हे भूक-मारणं तात्पुरतं असतं. साधारण अर्धा-पाऊण तास, फार तर एक-दोन तास. त्यानंतर भूक जागेवर येते. त्या दिवशी माणूस जाळलेलं सगळं खाऊन भरून काढतो असं मात्र होत नाही. भरपाई होते ती हळूहळू, पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत, तीही बहुतेकांत अर्धवट.

तिसरी पायरी: आपला व्यायाम कोणत्या गटातला ते ठरवा

*चालणं.* तासभर भरभर चाललात तरी भुकेवर जवळपास काहीच परिणाम होत नाही. पुढच्या जेवणात माणूस जास्तही खात नाही, कमीही नाही. मला हा चालण्याचा सगळ्यांत मोठा गुण वाटतो, कारण जे जाळलं ते हिशोबात राहतं. सावंतवाडीच्या मोती तलावाभोवती सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारणाऱ्यांना म्हणूनच वेगळ्या खाण्याची गरज नसते. चालण्याआधी केळं नको, नंतर एनर्जी ड्रिंक तर नकोच. फक्त हिशोब लक्षात ठेवा: साठ किलोच्या माणसाने तासभर भरभर चालून बसण्यापेक्षा जास्तीच्या जाळल्या त्या साधारण दोनशे कॅलरी, आणि एका वडापावात असतात अडीचशे ते तीनशे. चालून झाल्यावर गाडीवर थांबायची सवय लागली, की चालण्याची सगळी कमाई तिथेच संपते.

किनाऱ्यावर चालणाऱ्यांनी वाळू बघून चालावं. ओहोटीला पाणी मागे गेल्यावर जो ओला, घट्ट पट्टा उरतो तो रस्त्यासारखाच. भुसभुशीत कोरडी वाळू मात्र वेगळं प्रकरण आहे. तिच्यात त्याच वेगाने चालायला कठीण जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, असं १९९८ साली बेल्जियममध्ये मोजलं गेलं. मालवणातल्या चिवल्याच्या किनाऱ्यावर वरच्या बाजूने, सुरूंच्या जवळून अर्धा तास चाललात तर दम लागतो, पोटऱ्या भरून येतात. ते मग साधं चालणं राहत नाही, पुढच्या गटात जातं. गुडघे किंवा टाच दुखणाऱ्यांनी ओला पट्टाच धरावा.

*धावणं, दोरीवरच्या उड्या, पाखाडी चढणं.* ओळखायची खूण अशी: बोलताना पूर्ण वाक्य एका दमात संपत नाही. इथे भूक मरते आणि कोकणातले बरेच जण इथेच फसतात. सहाला धावून आले, साडेसातला "भूकच नाही" म्हणून न्याहरी टाळली, नुसता चहा घेतला. अकराला दुकानात किंवा ऑफिसात भूक अचानक अंगावर येते आणि हाताशी असतं ते फरसाण, नाहीतर खाजा. तेव्हा या गटातल्यांनी भूक लागायची वाट बघू नये. व्यायाम संपल्यापासून तासाभरात ठरलेली न्याहरी करायची. जेवढी गोड लागेल तेवढीच, पण करायची.

पाखाडी उतरण्याबद्दल एक. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरण्याने. त्या दुखण्यात दिवसभर हालचाल कमी होते आणि खाणं तेवढंच राहतं. सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच चढा-उतरा.

*वजनं, दंड-बैठका, रबरी पट्ट्यांचा व्यायाम.* इथेही घ्रेलिन थोडं उतरतं, पण पीवायवाय धावण्यासारखं वर जात नाही. त्यामुळे भूक कमी दबते आणि लवकर परतते. स्नायूंची दुरुस्ती पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालू असते, म्हणून विश्रांतीच्या दिवशी जास्त भूक लागली तर घाबरू नका. ती भूक प्रथिनांनी भागवा, बिस्किटांनी नाही. नियमित वजनं उचलणाऱ्याला दिवसाला किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे साठ किलोला ७२ ते ९६ ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात सुमारे १९-२० ग्रॅम, एका अंड्यात सहा, तीस ग्रॅम कोरड्या कुळथात सहा-सात. हे घरात असताना पावडरचे डबे आणायची गरज मला कधी दिसली नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

*योगासनं आणि सूर्यनमस्कार.* संथ आसनांनी भुकेत मोठा फरक पडत नाही. सूर्यनमस्कार दम लागेपर्यंत भरभर घातले तर ते धावण्याच्या गटात धरा.

*पोहणं.* याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे समुद्र, खाडी, नदी, विहीर सगळंच आहे आणि पोहून आलेल्या माणसाचं ताट हा घरोघरचा विषय आहे.

२००५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. अकरा पुरुषांना पाण्यात बुडवलेल्या सायकलवर पंचेचाळीस मिनिटं व्यायाम दिला. एकदा पाणी होतं ३३ अंश सेल्सिअसचं, एकदा २० अंशांचं. नंतर हवं तेवढं खायला दिलं. व्यायाम तेवढाच, जाळलेली ऊर्जाही जवळपास सारखीच. पण थंड पाण्यातून आलेल्यांनी कोमट पाण्यातल्यांपेक्षा ४४ टक्के जास्त खाल्लं. जमिनीवरच्या व्यायामात अंग तापतं आणि तापलेल्या अंगाला अन्न नको असतं. थंड पाण्यात अंग तापूच शकत नाही, उलट पाणी उष्णता ओढून नेतं. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या अभ्यासातही नुसतं बसून राहण्यापेक्षा पोहल्यानंतर लोक जास्त जेवले असंच आढळलं.

आपला समुद्र काही २० अंशांपर्यंत उतरत नाही, त्यामुळे ४४ टक्क्यांचा आकडा जसाच्या तसा इथे लावू नका. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीत किंवा सावलीतल्या विहिरीत तासभर राहिलं, की बोटांची टोकं सुरकुततात, ओठ काळेनिळे पडतात, दात वाजतात. मग पोरं थेट चुलीपाशी येऊन दिसेल ते खातात. वाढत्या वयाच्या मुलांनी खावंच, त्यांना कुणी अडवू नये. प्रश्न येतो वजन उतरवायला म्हणून पोहायला लागलेल्या चाळिशीतल्या माणसांचा. त्यांना मी असं सांगते.

पाण्यातून आलात की आधी अंग कोरडं करा. ओल्या कपड्यांत गप्पा मारत उभं राहू नका. डोकं पुसा, कोरडा सदरा चढवा आणि दहा-पंधरा मिनिटं किनाऱ्यावरून किंवा बांधावरून चाला, अंगात ऊब येईपर्यंत. मग जेवणाऐवजी आधी गरम आणि पातळ काहीतरी घ्या. माझ्या मते याला उकड्या तांदळाच्या पेजेइतकं चांगलं काही नाही. तांबूस, थोडी चिकट, वर वाफ. खोलगट ताटलीत ओतली की कडेने साय धरायला लागते. चवीपुरतं मीठ, बाजूला निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा किंवा खारातली मिरची. तोंड भाजेल इतकी गरम असल्याने ती घाईघाईत संपवताच येत नाही, फुंकर घालत, भुरके मारत दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात अंग आतून गरम होतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे पोचायला वेळ मिळतो. त्यानंतर अर्ध्या तासाने जेवायला बसा आणि वहीत आकडा लिहा. पाण्यातून थेट ताटावर बसलेल्या दिवसाचा आकडा आणि या दिवसाचा आकडा शेजारी ठेवून बघा. पेज नसेल तर कुळथाचं कढण किंवा माशाची पातळ, गरम कढी चालेल. सोलकढी मात्र थंड असते, ती जेवणासोबतच घ्या.

*अंगमेहनत.* लावणी, भारे वाहणं, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणं याला आपण व्यायाम म्हणत नाही, पण भुकेच्या दृष्टीने ते सगळ्यांत मोठं काम. १९५६ साली जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या कामगारांचं काम, खाणं आणि वजन ताडून पाहिलं. मध्यम ते जड काम करणाऱ्यांचं खाणं कामाच्या प्रमाणात होतं. मात्र अगदी बसून काम करणारे हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही जास्त होते. काही ना काही हालचाल असली तरच भूक गरजेशी जुळते, बैठ्या आयुष्यात ती वाटच चुकते, असा त्याचा अर्थ.

आपल्या गावांत हे मला सारखं दिसतं. आजोबा दिवसभर चिखलात राबायचे आणि डोंगराएवढा भात खायचे. नातू रिक्षा चालवतो किंवा लॉजच्या गल्ल्यावर बसतो, पण घरचं ताट अजून आजोबांच्या मापाचंच वाढलं जातं, तेही प्रेमाने. अशा माणसाने एकदम भात तोडू नये, आधी रोज तीस-चाळीस मिनिटं चालायला लागावं. हालचाल आली की भुकेचा अंदाज सुधारतो, मग भात कमी करणं जड जात नाही.

चौथी पायरी: ताटाची वेळ आणि ताटातले पदार्थ जुळवा

आता वही उघडा आणि सर्वांत मोठा आकडा कुठे येतो ते शोधा. ती तुमच्या भुकेची वेळ. जेवण किंवा खाणं त्या वेळेच्या साधारण तासभर आधी आणा. सकाळी सहाला धावणाऱ्याचा मोठा आकडा बहुधा नऊच्या सुमारास येतो, म्हणून न्याहरी आठला. संध्याकाळी सातला जिममध्ये जाणाऱ्याचा साडेनऊ-दहाला येतो. त्याने दहाला भरपेट जेवण्यापेक्षा जिमच्या तासभर आधी एखादं अंडं किंवा मूठभर उकडलेले शेंगदाणे खावेत आणि आल्यावर साडेआठला जेवून घ्यावं.

न्याहरीत फक्त घावणे-चटणी किंवा फक्त आंबोळी असेल तर ती दोन तासांत उतरते. त्यासोबत काळ्या वाटाण्याची किंवा कुळथाची उसळ घ्या, नाहीतर अंड्याची पोळी. प्रथिनं आणि तंतू दोन्ही आले की पोट जास्त वेळ धरतं. नाचणीची भाकरी आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, किंवा नाचणीची भाकरी आणि वालीच्या शेंगांची भाजी, ही माझ्या आवडीची जोडी. तळलेला बांगडा वाईट नाही, पण रवा लावून तेलात सोडण्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात भाजा, किंवा तिरफळं घालून तिखलं करा. तारली, बांगडा या स्वस्त माशांत ओमेगा-३ भरपूर असतं. सुरमईच पाहिजे असं काही नाही.

पाणी आणि पेयांकडे लक्ष द्या. घाम फार गेला असेल तर शहाळं उत्तम, त्यात पोटॅशियम चांगलं असतं आणि पेलाभर पाण्यात सुमारे पंचेचाळीस कॅलरीच असतात. पण तासाभराच्या साध्या चालण्याला शहाळ्याचीही गरज नाही, पाणी पुरतं. बाजारातलं कोकम सरबत बरंचसं साखरेचंच असतं. घरी आमसुलं भिजवून, मीठ-जिरं घालून केलेलं पाणी प्या. गोड पेयातली साखर पोटाला फारशी जाणवत नाही, जेवण तेवढंच राहतं आणि ती वर जमा होत जाते.

पाचवी पायरी: ऋतूप्रमाणे बदला

एप्रिल-मेमध्ये दमट उकाड्यात व्यायामानंतर भूक फारच दबते. जेवण नको होतं, पण आंबे खुशाल जातात. हापूसमध्ये शंभर ग्रॅमला साधारण साठ-सत्तर कॅलरी असतात, एक आंबा काही बिघडवत नाही. जेवण टाळून चार आंबे खाल्ले तर प्रथिनं राहून जातात आणि रात्री नऊला भूक उसळते. या दिवसांत व्यायाम पहाटे उरका, घाम गेला तेवढं पाणी आणि थोडं मीठ पोटात जाऊ द्या, आणि दुपारी निदान दही-भात, डाळ, उसळ यांपैकी काहीतरी घ्या.

पावसाळ्यात उलट होतं. किनारा बंद, पाखाड्या शेवाळलेल्या, चालणं थांबतं, पण भूक थांबत नाही, उलट भजी आठवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, त्यामुळे ताज्या माशांतून मिळणारी प्रथिनं घटतात आणि सुक्या माशांवर भागवलं जातं. सुके मासे प्रथिनांना चांगले, पण त्यात मीठ फार. रक्तदाबवाल्यांनी ते भिजवून, धुऊन, थोडेच घ्यावेत. पडवीत किंवा माडीवर वीस मिनिटं दंड-बैठका, दोरी, सूर्यनमस्कार, एवढं सुरू ठेवलंत तरी चालणं बंद पडल्याची बरीच कसर भरून निघते.

ज्यांना भूक वाढवायची आहे त्यांच्यासाठी

व्यायामाचे लेख बहुधा वजन उतरवणाऱ्यांसाठीच असतात, पण माझ्याकडे "माका भूकच लागना नाय" म्हणणारी म्हातारी माणसंही येतात आणि कितीही खाल्लं तरी अंगी न लागणारी पोरंही. त्यांनी वरचं सगळं उलटं वाचायचं. जेवणाच्या आधीच्या दोन तासांत दम लागणारा व्यायाम करू नये, नाहीतर आहे ती भूकही मरेल. उन्हात तर मुळीच नको. व्यायाम जेवणानंतर दोन-अडीच तासांनी, सावलीत, थंड वेळी. प्रकार वजनांचा असावा. म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा, ही चांगली सुरुवात आहे. जेवायच्या आधी अंगणात चार फेऱ्या हळू मारल्या तर चालतील.

खाणं थोडं थोडं आणि पातळ ठेवा. दूध घातलेलं नाचणीचं सत्त्व, खोबऱ्याचा रस घातलेली खीर, मऊ भातावर तूप आणि माशाचं सार. भूक कमी असताना चावण्यापेक्षा पिणं सोपं जातं. मात्र वजन कारण नसताना उतरत असेल तर घरगुती उपाय करत थांबू नका, आधी तपासणी करून घ्या.

मधुमेह असेल तर

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामानंतर मरणाऱ्या भुकेवर विसंबू नये. भूक नाही म्हणून न्याहरी पुढे ढकलली आणि साखर ७० च्या खाली गेली, तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. जोराच्या व्यायामानंतर साखर कित्येक तासांनी, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते. व्यायामाआधी आणि नंतर मोजा, खिशात तीन-चार चमचे साखरेची पुडी ठेवा आणि एकट्याने समुद्रात पोहायला जाऊ नका. औषधाचा डोस व्यायामाप्रमाणे बदलायचा असतो, पण तो डॉक्टरांनीच.

शेवटची पायरी: बारा आठवड्यांनी हिशोब करा

एकाच व्यायामाने सगळ्यांचं सारखं होत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पस्तीस जाड स्त्री-पुरुषांना बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी पाचशे कॅलरी जळतील असा व्यायाम देखरेखीखाली करून घेतला. सरासरी वजन ३.७ किलोने उतरलं. पण एकाचं १४.७ किलो उतरलं आणि एकाचं १.७ किलो वाढलं. ज्यांचं कमी उतरलं त्यांनी व्यायामात चुकारपणा केला नव्हता. त्यांची भूक वाढली होती आणि खाणंही.

तुमचं वजन बारा आठवड्यांत हललं नाही, तर पुन्हा एक आठवडा वही भरा आणि पहिल्या आठवड्याच्या शेजारी ठेवा. आकडे वाढलेले दिसले तर तुमचं शरीर भरपाई करणाऱ्यांतलं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि व्यायाम दुप्पट करणं हा त्यावरचा उपाय नाही. आधी वेळ बदला: संध्याकाळचा व्यायाम सकाळी आणा, किंवा जेवण लवकर घ्या. त्याने चार आठवड्यांत फरक पडला नाही तर ताटातली प्रथिनं वाढवून भात एक डाव कमी करा. तरीही नाही, तर प्रकार बदला. पोहणाऱ्याने आठवड्यातले दोन दिवस पाखाडीला द्यावेत, धावून दुसऱ्या दिवशी खा-खा होणाऱ्याने चालण्यावर यावं. तिन्ही एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आणि वजनकाट्यासोबत कंबरही मोजा. सकाळी, उपाशीपोटी, बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. वजनं उचलणाऱ्यांचा काटा महिनोन्‌महिने तिथेच राहतो आणि कंबर दोन बोटं उतरलेली असते. महिन्यातून एकदा मोजलंत तरी पुरे.